क्रेन पक्षी, आमची हायड्रा अन् डोक्याची कवटी, एकाच घरातले का?

यारीवाला, पैठण
राम राम मंडळी. लई वर्षं विहिरीवर यारी, म्हंजे दगडमाती वर उचलायची क्रेन, चालवली, आता वाळूजला हायड्रा क्रेनवर असतो. पोरगी अकरावी सायन्सला हाय. जेवताना म्हणाली, "पप्पा, डोक्याच्या हाडाला क्रेनिअम म्हणतेत. तुमच्या क्रेनवरून पडलं का नाव?" मी घास गिळत ठोकून दिलं, हो, कवटी मेंदू उचलून धरती ना! तिनं ते मॅडमसमोर सांगितलं. सगळा वर्ग हसला. दोन दिवस झाले, माझ्याशी धड बोलंना.

त्यात भावानं भर घातली. नाथसागराच्या कडेला त्याचं हरभऱ्याचं रान हाय. थंडीत राखाडी, लांब मानेचे पक्षी थव्यानं उतरतेत. दुर्बीणवाले त्यांना पण क्रेनच म्हणतेत. आता तीन क्रेन झाले. खरं काय ते सांगा.

रिटायर मास्तर, अंबाजोगाई
पक्षी आणि यंत्र एका घरातले. कवटीचा संबंध नाही.

नाव आधी पक्ष्याचं. हायड्राचा बूम, म्हणजे पुढचा लांब दांडा, लांबवून हूक खाली सोडा आणि शंभर पावलांवरून बघा, मान वाकवून दाणे टिपणारा पक्षीच दिसेल. ग्रीक लोक दोघांनाही 'गेरानोस' म्हणत. फ्रेंचमध्ये आजही 'ग्रू' म्हणजे पक्षीही आणि यंत्रही. क्रेनिअम मात्र ग्रीक 'क्रानिऑन'वरून आलं, त्याचा अर्थच कवटी. त्याचं नातं आपल्या संस्कृत 'शिरस्'शी. इंग्रजीत उच्चार जवळ आले म्हणून हा घोळ. आपण यारीला यारी आणि कवटीला कवटी म्हणतो, आपल्याकडं हा प्रश्नच पडला नसता.

मुलीला हेही सांगा: मेंदूभोवतीची हाडं 8, चेहऱ्याची 14. मेंदूला उचलायचं काम त्यांचं नाही, झाकायचं आहे.

दुर्बीणवाला
भावाच्या रानात बहुतेक कांड्या करकोचे आहेत. दोन खुणा बघायला सांगा. डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा झुबका, आणि गळ्यापासून छातीवर लोंबणारी काळी पिसं. उडताना मान सरळ पुढं असते. बगळा मान आखडून उडतो. मध्य आशिया, मंगोलियाकडून हिवाळ्याला इकडं येतात. जायकवाडी, म्हणजे तुमचा नाथसागरच, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा भावाला म्हणावं, हाकला पण गोफण नको.

यारीवाला, पैठण
भावाला फोन लावला. झुबका हाय म्हणतो, पण "पिसं मोजू का हरभरा वाचवू" म्हणून फोन ठेवला. मास्तर, तुमचं उत्तर पोरीला वाचून दाखवलं. हसली एकदाची. लगेच पुढचा प्रश्न: तान्ह्या लेकराची टाळू मऊ का असती? ह्या बारीला मी तोंड उघडलं नाही.

रिटायर मास्तर, अंबाजोगाई
शहाणे झालात! कवटीची हाडं तेव्हा जुळलेली नसतात. त्यामुळं जन्मताना डोकं थोडं दबून बाहेर येतं, आणि पुढं मेंदू वाढायला जागा राहते. पुढची टाळू साधारण दीड वर्षात भरते. आता मॅडमनाही हेच सांगू द्या.