सबहेडिंगला उपशीर्षक म्हणावं का? (पबमेड शिकवताना आलेली अडचण)

मांजराकाठ
नमस्कार. अंबाजोगाईकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि नर्सिंगच्या मुलींना वैद्यकीय लेख कसे शोधायचे ते शिकवते. त्याचं टिपण मराठीत करायला घेतलंय. पबमेड म्हणजे वैद्यकीय लेख शोधायचं संकेतस्थळ. त्यातल्या बऱ्याच लेखांना एका ठरलेल्या यादीतले विषय लावलेले असतात. ती यादी म्हणजे मेश (मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज). अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ती १९६० साली पहिल्यांदा काढली आणि दरवर्षी सुधारतात. मी 'हेडिंग'ला विषयशीर्षक आणि 'सबहेडिंग'ला उपशीर्षक लिहिलं. वाचताना कुणाला खटकलं नाही, पण वर्गात घोळ झाला.

फळ्यावर लिहिलं होतं : 'बाइट्स अँड स्टिंग्ज' हे शीर्षक घ्या, आपल्याला औषधोपचार हवाय, योग्य ते उपशीर्षक निवडा. बऱ्याच जणांनी विषयांच्या झाडात खाली उतरून 'स्नेक बाइट्स' निवडलं आणि हात वर केले. त्यांना चूक कसं म्हणू? शीर्षकाच्या खाली येतं ते उपशीर्षक, असाच अर्थ कुणीही घेईल. पण मेशमध्ये खाली येणारं वेगळं आणि सबहेडिंग वेगळं. 'स्नेक बाइट्स' हा दंशाचा एक प्रकार आहे. 'ड्रग थेरपी' हा दंशाचा प्रकार नाही, त्या विषयाकडे कुठल्या बाजूने बघायचं ते त्यातून कळतं.

सहकारी म्हणतात, उपशीर्षक रूढ आहे, राहू द्या. मला मात्र या दोन्हींसाठी दोन वेगळे शब्द हवेत. सुचवा.

कार्डकपाट
ताई, तुमचं बरोबर आहे. नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे बोलतो. 'विषयशीर्षक' आमच्या शास्त्रात रुळलेला शब्द आहे, त्याला हात लावू नका. 'उपशीर्षक' मात्र घात करतो. मूळ यादीतच त्याला दुसरं नाव आहे, 'क्वालिफायर'. म्हणजे विशेषक. ही विशेषकं सगळी मिळून सत्तरच्या थोडी वर आहेत आणि मुख्य शीर्षकं तीस हजारांच्या आसपास. तेच 'निदान' क्षयाला लागतं, तेच मोडलेल्या हाडाला. एकच लेकरू सगळ्या घरांत जन्मलं असं होईल का? म्हणजे ते शीर्षकाचं अपत्य नव्हेच.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३च्या द्विबिंदू वर्गीकरणात नेमका हाच विचार मांडला. विषय आडवा कापून त्याचे पैलू वेगळे करायचे. तुम्ही 'पैलू' शब्द वापरा.

तेरणाकाठ
पैलू हिऱ्याला असतात. आपल्याकडे सरळ 'अंग' आहे की! 'औषधाच्या अंगानं बघा', 'निदानाच्या अंगानं लेख काढा', असं आपण बोलतोच. आणि खाली येणाऱ्याला 'पोटशीर्षक'. पोटहिस्सा, पोटजात, पोटकलम, सातबाऱ्यावरचा पोटखराबा, सगळीकडं 'पोट' म्हणजे मोठ्याच्या आतला तुकडा. 'स्नेक बाइट्स' हे 'बाइट्स अँड स्टिंग्ज'चं पोटशीर्षक, 'ड्रग थेरपी' हे त्याचं अंग. एकदा सांगितलं की पोरं विसरणार नाहीत.

शुद्धाक्षर
'पोटशीर्षक' हा संकर आहे. पोट देशी, शीर्षक तत्सम. 'उपविषय' आणि 'विशेषक' अशी जोडी नीट बसते. पाठ्यपुस्तकाची भाषा बोलीवर सोडली तर पुढच्या पिढीला संज्ञा म्हणून काही उरणार नाही.

तेरणाकाठ
पोटनियम, पोटविभाग हे सरकारी कागदावरचे शब्द मग काय आहेत? त्यांना संकर म्हणून कुणी काढून टाकलं नाही.

खजिना_परभणी
कोषागारातला माणूस म्हणून दोन शब्द टाकतो. आमच्याकडे ही रचना रोजच्या वापरात आहे. २२१० हे वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याचं प्रधानशीर्ष. त्याच्या खाली गौणशीर्ष, त्याच्या खाली उपशीर्ष. हे सगळं उतरत जातं. पण शेवटी 'वेतन', 'देशांतर्गत प्रवास खर्च', 'कार्यालयीन खर्च' हे जे येतं ते शाळेच्या खात्यातही तेच आणि दवाखान्याच्या खात्यातही तेच. खर्च कशावर ते त्यातून कळतं. ताईंचं सबहेडिंग म्हणजे हेच. आम्ही त्याला उपशीर्ष कधीच म्हणत नाही, उपशीर्ष म्हणजे झाडातली वरची पायरी. तेव्हा लेखाधिकाऱ्याच्या पोराला तरी 'उपशीर्षक' शब्दाने उलटंच कळणार.

एमडी_तिसरं_वर्ष
मोठ्यांना विनंती आहे. रात्रपाळी संपवून आम्ही पबमेड उघडतो तेव्हा पडद्यावर इंग्रजी असतं. 'सबहेडिंग' शब्द तिथं दिसतो. टिपणात अंग लिहा नाही तर विशेषक, पोरगं पडद्यावर काय शोधणार? हेडिंग, सबहेडिंग असंच लिहा आणि अर्थ मराठीत नीट समजावून सांगा.

नीट समजावणं म्हणजे काय ते विंचवावरून सांगतो, आमच्या भागातलाच विषय आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. महाडला राहून त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर काम केलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली हृदयावरच्या आधी दिसणाऱ्या लक्षणांबद्दल लिहिलं, १९८६ साली प्राझोसिन या औषधाबद्दल, आणि २०११ साली 'बीएमजे' या दुसऱ्या नियतकालिकात प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र विरुद्ध नुसतं प्राझोसिन अशी तुलना आली. आता हे शोधायचं तर दोन बाजूंनी जावं लागतं. आजाराच्या बाजूने 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' घेतलं तर सबहेडिंग 'ड्रग थेरपी'. औषधाच्या बाजूने 'प्राझोसिन' घेतलं तर सबहेडिंग 'थेराप्युटिक यूज'. औषधाला 'ड्रग थेरपी' लागत नाही, आजाराला 'थेराप्युटिक यूज' लागत नाही. मराठीत दोन्हीला 'औषधोपचार' लिहिलं की हा फरक गेलाच.

विषबाधेचंही तसंच. 'पॉइझनिंग' हे सबहेडिंग रसायनाला लागतं, आजाराला नाही. कीटकनाशकाच्या नावापुढं ते मिळेल, सर्पदंशापुढं नाही मिळणार.

कार्डकपाट
हा मुद्दा मोलाचा आहे. कुठलं विशेषक कुठल्या शीर्षकाला चालतं हे ठरलेलं असतं, ते पडद्यावरच दाखवलेलं असतं. माझी एक भर : नवं शीर्षक यादीत आलं तरी जुन्या लेखांना ते सहसा मागे जाऊन लावत नाहीत. म्हणून जुन्या काळातलं काही हवं असेल तर वरचं शीर्षक आणि साधे शब्द दोन्ही टाकून बघायचं. अगदी ताज्या लेखांना कधी कधी शीर्षकं लागलेली नसतात, तिथंही साध्या शब्दांवरच भिस्त. २०२२पासून शीर्षकं लावण्याचं काम यंत्राकडे गेलंय, त्यामुळे लागलेलं शीर्षक बरोबर आहे का तेही लेख उघडून बघावं.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. 'अंग' माझ्या जिभेला बसलं. मूळ शब्द सबहेडिंग ठेवून पुढे 'म्हणजे अंग' असं लिहून बघते. एक अजून विचारायचं होतं, 'एक्स्प्लोड'. शीर्षक घेतलं की त्याच्या झाडातलं खालचं सगळं आपोआप सोबत येतं. सबहेडिंगलाही हेच लागू आहे : 'थेरपी' घेतलं की त्यात ड्रग थेरपी, शस्त्रक्रिया, शुश्रूषा, प्रतिबंध हे सगळं येतं. नको असेल तर बंद करता येतं. याला एका जुन्या टिपणात 'विस्फोट' लिहिलेलं सापडलं.

शुद्धाक्षर
विस्फोट साफ चूक आहे. 'विस्तार'.

तेरणाकाठ
'फोड'. गणिताची फोड, हिशेबाची फोड. 'शीर्षकाची फोड करून शोधा'.

खजिना_परभणी
फोड केली की वरचा आकडा सुटा होतो, तेरणाकाठ. इथं वरचा आणि खालचा दोन्ही सोबत येतात. आम्ही 'पोटशीर्षांसह' असं लिहू.

पूर्णामाय
उशिरा येतेय. मी नर्स, हिंगोलीकडची. तुमचं शीर्षक-पोटशीर्षक चालू द्या, पण शोधायच्या आधीचा घोळ वेगळाच आहे. माणूस दवाखान्यात येतो आणि सोबतचे सांगतात, "पान लागलं." साप म्हणत नाहीत, त्यात रात्री तर अजिबात नाही. कुणी 'लांबडं डसलं' म्हणतं, कुणी 'किरडू', कुणी नुसतं 'जनावर'. आणि मण्यार असेल तर बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही. झोपेत चावते. पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, एवढंच सांगतात. रजिस्टरात 'अनोळखी दंश' लिहायचं. म्हणजे एका गोष्टीची पाच नावं, आणि सगळी मिळून एकाच औषधाकडे जाणारी.

कार्डकपाट
ताई, मेशमध्ये नेमकी हीच सोय आहे. एक मान्य नाव आणि त्याची पर्यायी नावं. 'हार्ट अटॅक' टाका, यंत्र 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'कडे नेतं. 'कॅन्सर' टाका, 'निओप्लाझम्स'. व्हिटॅमिन सी टाकलं की 'अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड'. आमच्या कार्डांच्या कपाटात यालाच 'पाहा' म्हणायचे. 'कर्करोग, पाहा अर्बुद'. आणि मान्य नाव सगळीकडे एकच नसतं. एम्बेस या वैद्यकीय लेखांच्या दुसऱ्या संग्रहाच्या यादीत हृदयविकाराचा झटका 'हार्ट इन्फार्क्शन' नावाने आहे. यादी बदलली की नाव पुन्हा तपासायचं.

सापाच्या जाती मात्र आजारांच्या झाडात नाहीत, त्या सजीवांच्या झाडात. मण्यार 'बंगारस', घोणस 'डाबोया'. दोन्ही झाडांतलं एकेक घेऊन जोडायचं.

शुद्धाक्षर
पूर्णामाय, 'डसलं' म्हणता ते योग्य. साप डसतो. विंचवाला मात्र 'चावला' म्हणतात ते मला कधी पटलं नाही. चावायला दात लागतात. विंचू नांगी मारतो. इंग्रजीतसुद्धा बाइट आणि स्टिंग वेगळे ठेवलेत, तुमच्या मेशमध्येच बघा.

तेरणाकाठ
पैठणच्या नाथांनी भारुडात विंचवाला 'चावला' म्हटलं. चारशेहून जास्त वर्षं झाली. त्याहून जास्त शुद्ध मराठवाडी कुठून आणायची? आमच्याकडं डासही चावतो, मुंगीही चावते, बाभळीचा काटाही चावतो. दुखलं की चावलं.

शुद्धाक्षर
काव्यातला प्रयोग आणि रुग्णाच्या कागदावरची संज्ञा वेगळी. कागदावर 'दंश' लिहावं, दोन्हीला चालतं.

एमडी_तिसरं_वर्ष
दोन्हीला चालतं हाच त्रास आहे ना सर. 'दंश' वाचून पुढच्या डॉक्टरला साप की विंचू कळत नाही. 'विंचूदंश', 'सर्पदंश' असं पूर्ण लिहा.

उदगीरी_उर्दू
शीर्षकावरून आठवलं. आमच्याकडचे जुने लोक मथळ्याला 'सुर्खी' म्हणायचे. सुर्ख म्हणजे तांबडा. हस्तलिखितात मथळा तांबड्या शाईनं लिहायचे, त्यावरून. आपल्या पोथ्यांतही 'उवाच' तांबड्या शाईत असतं. निजामाच्या काळात, १९१८ साली, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झालं. वैद्यकसुद्धा उर्दूत शिकवायचे. त्याच्या आदल्या वर्षी तर्जुम्याचं, म्हणजे भाषांतराचं, खातं उघडलं होतं, त्या लोकांनी हजारो संज्ञा पाडल्या. म्हणजे देशी भाषेत वैद्यक शिकवायचा प्रश्न आपल्या भागात एकदा येऊन गेलाय. तेव्हाही अरबी-फारसीतून शब्द घ्यावेत की बोलीतले, यावर असंच भांडण झालं.

शुद्धाक्षर
आणि ते शब्द आज कुणाला माहीत आहेत? मुळं बोलीत नव्हती म्हणून गेले, असं तेरणाकाठ म्हणतील.

तेरणाकाठ
म्हणणारच. पण ते गेले ते राज्य गेलं म्हणून. शब्द वाईट नव्हते. 'मिसल' (खटल्याची कागदपत्रं) अजून आमच्या वकिलांच्या तोंडी आहे.

पूर्णामाय
'पान लागलं' यात पान कसलं, ते कुणाला माहीत आहे का? माझी सासू म्हणायची, फणा पानासारखा दिसतो म्हणून.

उदगीरी_उर्दू
मी वेगळं ऐकलंय. विष चढलंय का बघायला चावलेल्या माणसाला विड्याचं पान खायला द्यायचे, कडू लागतंय की नाही ते विचारायचे.

खजिना_परभणी
आमच्याकडं त्यासाठी कडुलिंबाचा पाला देत. पण फणा म्हटलं तर फक्त नागालाच लागू व्हायला पाहिजे. मण्यारीला आणि घोणशीला कुठला फणा? आणि म्हण तर सगळ्या सापांना वापरतात. पूर्णामाय, तुमच्याकडं घोणस चावली तरी पान लागलं म्हणतात का?

पूर्णामाय
म्हणतात. विंचवाला मात्र नाही म्हणत. गेवराईकडचे कुणी असतील तर सांगा, तिकडं फुरशाला काय म्हणतात?