लेकाची बेसबॉलची बॅटिंग मोजायला काय घ्यावं? (बजेट १५० डॉलर)

न्यूजर्सीकर: लेक १३ वर्षांचा, ट्रॅव्हल टीममध्ये खेळतो. जोर आहे, पण निम्मे चेंडू सरपटत शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर). कोच म्हणतात एक्झिट व्हेलॉसिटी (बॅटवरून चेंडू सुटतो तो वेग) आणि लाँच अँगल (तो किती वर उठतो तो कोन) बघा. १५० च्या आत काय येईल?

बेएरियावाला: डोळे झाकून पॉकेट रडार, हातात धरून चेंडूचा वेग मोजायचं यंत्र. तीनशेच्या वर जातं, पण एकदाच घ्यायचंय ना? आमचा ताशी ८१ मैलांनी मारतो 😎

आकडेमोड्या: रडारवर वेग कळेल, अँगल नाही. यांचं दुखणं अँगलचंच आहे. १० अंशांच्या खाली ग्राउंडर (सरपटी), १० ते २५ लाइन ड्राइव्ह (सरळ सणसणीत), २५ ते ५० फ्लाय (उंच), त्यावर पॉपअप (नुसताच आभाळात). मेजर लीगमधला व्लादिमीर गरेरो ज्युनियर बघा, २०१९ ला एवढा जोर असून १५ होमरन. २०२१ ला ग्राउंडर कमी झाले, ४८!

पैलवान: मग यांडी डियाझ? त्याचेही ग्राउंडरच जास्त, तरी २०२३ ला .३३० सरासरी मारून अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) बॅटिंग चॅम्पियन.

आकडेमोड्या: त्याच वर्षी २२ होमरनही मारले त्याने. पुढे बोला.

एक्स-शिवाजीपार्क: काका, घरी तुम्हीच "खाली ठेव, खाली ठेव" ओरडत असणार. मी लेकीला सॉफ्टबॉलमध्ये दोन वर्षं हेच शिकवलं. रोज पहिल्या बेसवर आउट.

न्यूजर्सीकर: ओरडतो 🙈

पोळलेला: बॅटच्या बुडाला लावायचा सेन्सर बजेटमध्ये बसतो. पण तो बॅट मोजतो, चेंडू नाही. आमचा दुसऱ्याच आठवड्यात डगआउटमध्ये हरवला.

टेक्सासकर: +१ पॉकेट रडार. बजेट वाढवा.

स्कोअरबुकवाली: अहो, वही घ्या. टीवरचे (सरावाच्या दांडीवर ठेवलेले) नको, मॅचमधले चेंडू लिहा: ग्राउंडर, लाइन की फ्लाय, पुल (उजव्याने डावीकडे मारलेला), मध्ये की उलट्या बाजूला. पन्नासेक झाले की दिसायला लागतं. पोरगा उजवा असेल तर शॉर्टस्टॉपकडचे ग्राउंडर म्हणजे बहुतेकदा घाईने मनगट वळवणं. तेच पुल केलेले चेंडू हवेत गेले तर सोनं! मेजर लीगमधल्या आयझॅक पॅरेडेसचा चेंडूचा वेग बेताचाच, पण २०२३ ला डावीकडे उचलून उचलून ३१ होमरन. आणि या वयात सहा महिन्यांत अंग बदलतं, यंदाच्या वेगावरून काही ठरवू नका.

पैलवान: डियाझबद्दल अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

न्यूजर्सीकर: अपडेट. शेवटी लेकालाच विचारलं. म्हणे, "बाबा, मला कॅचर व्हायचंय." म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. १८० डॉलरचा कॅचर मिट (त्याचा जाड ग्लोव्ह) घेऊन आलो. वही घरात होतीच.

बेएरियावाला: कॅचरचा थ्रो मोजायला रडार लागेलच. घेऊन टाका.