मदत हवी आहे : रंगवलेल्या सावल्यांच्या गावात खरी सावली कशी पाडावी?

नमस्कार.

नोकरी सांभाळून गेले आठ महिने मी एकटीच एक लहान व्हिडिओ गेम तयार करत आहे. त्याचे दृश्यरूप जर्मन अभिव्यक्तिवादी मूकपटांवर, त्यातही मुख्यतः रॉबर्ट वीने दिग्दर्शित 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी' या १९२० साली बर्लिनमध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटावर बेतलेले आहे. कथा माझी स्वतःची आहे. चित्रपटाकडून घ्यायची आहे ती फक्त जग उभे करण्याची रीत. इंजिन, म्हणजे खेळ घडवण्याचे सॉफ्टवेअर, गोडो ४ आहे.

हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग या तिघांनी त्या चित्रपटाचे नेपथ्य कापडावर रंगवून उभे केले होते. तिरक्या खिडक्या, कललेली धुराडी आणि टोकदार बोळ तर त्यात होतेच, पण उजेडाचे पट्टे आणि सावल्यासुद्धा अनेक ठिकाणी दिव्यांनी न पाडता कुंचल्यानेच काढलेल्या होत्या. मात्र त्याच चित्रपटात अ‍ॅलन या पात्राचा खून होतो तेव्हा आपल्याला खुनी दिसत नाही. दिसते ती भिंतीवर झटापट करणारी, खरोखर दिव्याने पाडलेली सावली. गावाची सावली रंगाची आणि मृत्यूची सावली खरी, हा भेद नेपथ्यकारांनी जाणून केला होता की नाही हा वेगळा विषय, पण माझ्या खेळाचा नियम मी त्यावरूनच ठरवला. माझ्या गावात घर, झाड, माणूस, कशाचीच सावली पडत नाही, सगळ्या रंगवलेल्या आहेत. हलते ती फक्त पाठलाग करणाऱ्याची. हलणारी सावली दिसली की खेळाडूने लपायचे.

कागदावर हे सोपे वाटले होते. भिंतींचे मटेरियल अनशेडेड, म्हणजे दिव्यांच्या उजेडाचा परिणाम न होणारे, ठेवले, तर रंगकाम हवे तसे सपाट दिसते, पण त्यावर कोणतीही सावली पडत नाही. शेडेड ठेवले, तर सावली पडते, परंतु दिव्याच्या उजेडाने कापडाचा सपाटपणा जाऊन भिंती प्लास्टिकच्या दिसू लागतात. शेवटी शेडरमधील (पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधील) प्रकाशाचे फंक्शन स्वतः लिहून त्यातून केवळ सावलीचा भाग उचलला आणि एका मर्यादेपुढे तो थेट काळा केला. कडा आता बऱ्यापैकी धारदार येतात. मात्र पाठलाग करणाऱ्याची सावली रंगवलेल्या काळ्या पट्ट्यावरून सरकते तेव्हा काळ्यात काळे मिसळून ती पूर्ण नाहीशी होते. भीतीच्या दृष्टीने हे मला आवडते, पण ज्या खुणेवर खेळाडूने विसंबावे असे मी सांगितले, तीच खूण मध्येच काढून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे असेही वाटते. रंगवलेल्या सावल्या गडद करड्या करून पाहिल्या, तर चित्रातील जोरच गेला. येथे पावलांच्या आवाजाची जोड द्यावी, की दृश्यातूनच काही मार्ग निघेल?

दुसरी अडचण जमिनीची आहे. चार मित्रमैत्रिणींना खेळायला दिले, तेव्हा तिघांनी जमिनीवर रंगवलेली पाचरीसारखी काळी सावली म्हणजे खड्डा समजून वळसा घातला. चित्रपटात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे नट चालतो आणि प्रेक्षक नुसता पाहतो. सुरुवातीलाच एखादे पात्र त्या पाचरीवरून चालवत नेले तर पुरेसे होईल का? सूचनेची पाटी लावण्याची माझी इच्छा नाही.

कॅमेऱ्याबाबत निर्णय झाला आहे. तो प्रत्येक दृश्यात स्थिर राहील, कारण रंगवलेला दूर-जवळचा आभास एका ठरावीक जागेवरूनच खरा वाटतो. तेव्हा फिरता कॅमेरा सुचवू नये ही विनंती. मूळ प्रतींप्रमाणे संपूर्ण दृश्याला एकाच रंगाची छटा देण्याचेही ठरले आहे. तो चित्रपट निव्वळ कृष्णधवल होता हा समज चुकीचा आहे.

शेवटचा प्रश्न अक्षरांचा. 'तू कॅलिगरी झालेच पाहिजेस' अशा अर्थाचे शब्द त्या चित्रपटात डॉक्टरच्या भोवती हवेत आणि भिंतींवर उमटतात. मला तसेच शब्द मराठीत हवे आहेत. रोमन अक्षरे सुटी असल्याने प्रत्येक अक्षर वेगळे कलवता येते. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना बांधून ठेवते, आणि ती तोडली की 'भ' आणि 'म' यांतला फरक पुसट होतो. शिरोरेषाच तिरकी, मोडक्या कौलासारखी काढून अक्षरे तिला लोंबकळती ठेवली, तेव्हा थोडे जमले, परंतु वेलांट्या आणि रफार एकमेकांत घुसतात. मजकूर एकंदर चाळीसेक वाक्यांचा आहे. एवढ्यासाठी फाँट करण्यात अर्थ आहे, की प्रत्येक वाक्य हाताने काढून चित्र म्हणून वापरावे? सुलेखनाचा किंवा फाँट घडवण्याचा अनुभव असलेल्यांनी यावर जरूर लिहावे. हवे असल्यास शेडरचा कोड आणि दोन दृश्यांची चित्रे प्रतिसादात देते.