इतिहास फुकट आहे, मग गुरुजींना वाचायला काय होतं?

तापीकाठ: बालभारतीची ई-पुस्तकं, मराठी विश्वकोश, 1880चं खानदेश गॅझेटियर म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेलं जिल्ह्याचं माहितीचं पुस्तक, सगळं नेटवर फुकट. तरी वर्गात प्रश्नोत्तरंच पाठ. शिक्षकांना कष्टच नकोत.

सातपुड्याची बाई: कष्ट नकोत? माझ्या वर्गातली निम्मी पोरं भिल्ल, बाकी पावरा. तुमचं गॅझेटियर इंग्रजीत. शाळेमागच्या निंबाखाली रेंज येते, तिथे उभं राहून दोन पानं उतरवली, मराठी करायला तीन रात्री गेल्या. त्यात 1825ला भिल्ल पलटण उभारणाऱ्या आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं कौतुक आहे. भिल्ल मात्र त्यात लुटारू, ज्यांना सुधारायला हवं असे. ते त्यांच्याच नातवंडांना वाचून दाखवू?

भुसावळकर: नक्की दाखवा! साहेबानं काय लिहिलं ते पोरांना कळायलाच हवं. शेजारी खाज्या नाईक ठेवा. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा माणूस इंग्रजांवर उलटला, 1858ला अंबापाणीला लढाई झाली. आपल्याला सगळं आयतं लागतं. फैजपूरला 1936ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, हे आमच्या तालुक्यातल्या किती पोरांना माहीत आहे?

अमळनेरी: मुळात भाषेचं बोला. माझी पुतणी वर्गात आमच्या घरच्या अहिराणीत "हाई काय शे?" म्हणाली तर बाईंनी सगळ्यांसमोर "नीट बोल" म्हणून दटावलं. महिनाभर पोरीनं वर्गात तोंड उघडलं नाही. अहिराणीत एक पान तरी आहे का नेटवर?

भुसावळकर: आता अहिराणी कुठून आली? नंदुरबारला 1942च्या मोर्चात शिरीषकुमार गुजरातीत घोषणा देत होता. पंधरा वर्षांचा पोरगा, पोलिसांच्या गोळीनं गेला. भाषेवाचून अडलं का कोणाचं?

अमळनेरी: अहो, गुजराती त्याच्या घरची भाषा होती! घरच्या भाषेत बोलला म्हणूनच छातीतून आलं ते. तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

भुसावळकर: बरं, एवढं मान्य. पण प्रमाण मराठी आलीच पाहिजे, उद्या परीक्षा त्याच भाषेत आहे.

सातपुड्याची बाई: येईल ना. आधी पोरगं बोलू तर द्या. खाज्या नाईकाचं नाव काढलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण उठला, आजीकडून ऐकलेलं सांगत बसला. तास संपला तरी थांबेना. वर्षभरात तो पहिल्यांदा बोलला.

तापीकाठ: 'कष्ट नकोत' हे मागे घेतो. पण हे काही वापरतच नाहीत असे बाकीचे शिक्षक मला माहीत आहेत, त्यांच्याबद्दलचं मत बदललेलं नाही. बाई, ती मराठी केलेली दोन पानं इथे टाका.

सातपुड्याची बाई: वहीत आहेत, अक्षर वाईट आहे. रविवारी बाजाराला शिरपूरला उतरते, तिथून फोटो पाठवते.