हरितलवकाचा वंशवृक्ष इतिहासजमा झाला म्हणता?

पर्णदल:
‘न्यूक्लियर (पेशीकेंद्रकातली) जनुकं आली, हरितलवकाच्या जनुकांवरून फुलझाडांची नाती लावायचे दिवस संपले,’ असं बीजांकुर यांनी काल लिहिलं. वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक उत्तर देतेय.

१९९३ मध्ये हरितलवकातल्या आरबीसीएल या एकाच जनुकाच्या सुमारे ५०० डीएनए सीक्वेन्सवरून जो वृक्ष निघाला, त्याने वर्गीकरणाची शतकभराची घडी विस्कटली. १९९८ च्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या संशोधकगटाच्या) वर्गीकरणामागे मुख्यतः हरितलवकाचीच जनुकं होती. पुढे २०२४ मध्ये ३५३ न्यूक्लियर जनुकांचा, साडेनऊ हजार जातींचा वृक्ष आला. त्यातही एपीजीचे बहुतेक गण आणि कुलं शाबूत राहिली. ज्याचं काम इतकं टिकलं, त्याला मोडीत काढायची घाई कशाला?

बीजांकुर:
इतिहास मला ठाऊक आहे. माझा मुद्दा तुम्ही शिवलाच नाहीत. हरितलवकात प्रथिनांची ८० च्या आसपास जनुकं असतील, पण ती सगळी एकत्रच पुढच्या पिढीत जातात आणि बहुतेक फुलझाडांत फक्त आईकडून येतात. म्हणजे हे ८० साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराचा ८० पानी जबाब आहे. तो चुकीचं बोलत असला तरी बूटस्ट्रॅप, म्हणजे वृक्षाच्या फांदीला डेटाचा किती पाठिंबा आहे तो आकडा, १०० च येणार.

युरोपातले ओक बघा. एका भागातल्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांत हरितलवकाचा तोच प्रकार सापडतो, कारण संकरातून तो या जातीतून त्या जातीत गेलाय. गणांच्या पातळीवरही तेच. सेलास्ट्रेलीज, ऑक्झॅलिडेलीज आणि माल्पिघिएलीज हे तीन गण हरितलवक शेंगवर्गीयांच्या बाजूला टाकतं, न्यूक्लियर जनुकं मोहरी-जास्वंदीच्या बाजूला. आमच्या गाइडने असला विसंगत न्यूक्लियर डेटा शोधनिबंधाच्या पुरवणीत ढकलायला लावला होता. ‘परीक्षक गोंधळतील’ म्हणे! तो राग अजून गेलेला नाही.

पर्णदल:
राग गाइडवर काढा, हरितलवकावर नको. न्यूक्लियर जनुकं काय धुतल्या तांदळासारखी आहेत? फुलझाडांत अख्खे जीनोम पुन्हा पुन्हा दुप्पट झालेत. जनुकाची नेमकी कुठली प्रत कशाशी जुळवताय, इथपासून वाद.

आणि जनुकं वाढवली की उत्तर बरोबर येतं असंही नाही. २००३ मध्ये १३ हरितलवक जीनोमांवरून ‘एकदल बाकी सगळ्या फुलझाडांच्या आधी फुटले, अँबोरेला हे झुडूप नव्हे’ असा निष्कर्ष आला होता. एकदलांच्या वतीने त्यात कोण होतं? भात, मका, गहू. तिन्ही गवतंच! जास्त एकदल घेतल्यावर अँबोरेला परत आपल्या जागी, सगळ्यात आधी फुटलेली म्हणून, गेली. जाती नीट निवडणं महत्त्वाचं.

रानवाट:
जाती निवडायच्या म्हणता, त्या ओळखणार कोण? डेटाबेसमध्ये जीनोमचा ढीग पडलाय, व्हाउचर नमुन्याचा, म्हणजे ज्या झाडाचा डीएनए घेतला त्याच्या जपून ठेवलेल्या वाळक्या फांदीचा, पत्ता नाही. मी एकदा एक जीनोम उतरवून घेतला. ज्या कुलाचं नाव होतं, त्या कुलाच्या जवळपासही तो बसेना. लेखकांना विचारलं, तर नमुना जपलाच नव्हता. नाव तपासायचं कशावरून? झाडं ओळखणारी माणसं निवृत्त होताहेत, त्यांच्या जागा रिकाम्याच.

बीजांकुर:
हा वेगळा विषय आहे. इथे फाटे फोडू नका.

रानवाट:
वेगळा? नमुन्यावरचं नावच चुकीचं असेल तर तुमची ३५३ जनुकं काय सिद्ध करणार? हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, आयुष्य घालवलेल्या माणसाला फाटे शिकवू नका!

सूक्ष्मदर्शी:
मग हर्बेरियमवाले पान का देत नाहीत? तीनदा अर्ज केला, बोटाच्या नखाएवढा तुकडा मागितला. उत्तरसुद्धा नाही. वाळकी झाडं चिकटवलेली शीट कपाटात काळी पडेपर्यंत जपायची कुणासाठी?

रानवाट:
शीटवर दोनच पानं उरलेली असताना मागणारेही पाहिलेत. टाइप नमुन्याचं, म्हणजे ज्यावर जातीचं नाव बेतलंय त्या मूळ नमुन्याचं, फूल तोडून नेलेलं पाहिलंय. तुम्ही तसे नसाल, पण ज्याच्या हातून शीट जाते त्याला पुढच्या शंभर वर्षांचा विचार करावा लागतो.

पर्णदल:
जुन्या शीटवरून हरितलवकाचाच फायदा कळतो. पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. डीएनएचे तुकडे झाले असले तरी थोड्या पानात, वरवरच्या सीक्वेन्सिंगमध्येही जीनोम जुळतो.

बीजांकुर:
३५३ जनुकांचा संचही हर्बेरियमच्या पानांवर चालतो, २०२४ च्या वृक्षात असे नमुने भरपूर आहेत. तरी प्रतींचं मान्य. तेवढंच मान्य. हरितलवकाचा वृक्ष छापा, पण न्यूक्लियरच्या शेजारी, आणि दोघांचं जुळत नाही ती जागा पुरवणीत लपवू नका. जुना संकर तिथेच सापडू शकतो.

पर्णदल:
त्या तीन गणांबाबत तुमचं ऐकते. ‘इतिहासजमा’ हा शब्द मात्र मागे घ्या.

बीजांकुर:
‘एकट्याच्या भरवशावर नको’ असं म्हणतो. त्यापुढे एक पाऊल नाही.

रानवाट:
सूक्ष्मदर्शी, अर्ज पुन्हा पाठवा. गळालेली सुटी पानं शीटवरच्या पाकिटात असतील तर त्यातलं मिळेल. व्हाउचरचा क्रमांक सीक्वेन्ससोबत नोंदवायचा आणि उरलेला डीएनए हर्बेरियमला परत द्यायचा, हे आधी लिहून द्या.