फौजींच्या घरच्यांवर केलेला अभ्यास साहेबांच्या टेबलावर पोचवायचा कसा?

होटगीरोडचा_पोरगा:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

मी सोलापुरातच समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू केलं आणि प्रबंधाला विषय घेतला होता फौजींची घरं, म्हणजे नवरा तिकडं ड्युटीवर आणि बायको, पोरं, म्हातारी माणसं इकडं गावाकडं, त्यांचं नेमकं कसं चाललंय. विषय घरातूनच आला, थोरला भाऊ मिलिटरीत आहे आणि वहिनीची धावपळ मी रोज बघतोय. माढा, बार्शी, मोहोळ, सांगोला असं मोटारसायकलवर फिरून बायकांशी, सासू-सासऱ्यांशी आणि काही ठिकाणी गुरुजींशीसुद्धा बोललो. एकटेपणा, झोप न लागणं, फोन दोन दिवस आला नाही की छातीत धडधड, हे तर निघालंच. पण त्याहून जास्त निघाली ती कागदांची कटकट. बँकेत जा, तलाठ्याकडं जा, पोराच्या शाळेत जा, सगळीकडं "मिस्टरांची सही आणा". मुखत्यारपत्र दाखवलं तरी कुणी मानतं कुणी मानत नाही. पोरं केंद्रीय विद्यालयातून उठून झेडपीच्या मराठी शाळेत येतात ती वेगळीच तऱ्हा.

तर १८० पानांचा प्रबंध झाला, मार्क मिळाले, संपलं. मला वाटलं हे कुणाच्या तरी कामाला यावं, म्हणून बाइंडिंग करून एक प्रत एका सरकारी कार्यालयात द्यायला गेलो. तिथल्या क्लार्कनी पोच दिली, दोन पानं उलटली आणि विचारलं, "यावर काय कार्यवाही अपेक्षित आहे?" मला उत्तरच देता आलं नाही ओ. "वाचावं" एवढंच म्हणालो. ते हसले. आता पाच महिने झाले, काही नाही.

जे निर्णय घेतात त्यांना वेळ नसतो हे कळतंय, पण मग त्यांना कळेल असं लिहायचं कसं? सोपी पुस्तिका काढू का, पीपीटी करू का, व्हिडिओ करू का? कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

कडकभाकरी:

रील करा दादा. १८० पानं तर तुमच्या गाईडनी पण वाचली नसतील 😄

शिरस्तेदार_निवृत्त:

त्या क्लार्कला नावं ठेवू नका, त्यानं तुम्हाला फुकटात सगळ्यात मोलाचा प्रश्न विचारलाय. महसूलमध्ये एकतीस वर्षं काढली मी, शेवटी अव्वल कारकून म्हणून सुटलो, त्यामुळं कागद कसा फिरतो ते सांगतो. तुमचा प्रबंध बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, नोंद झाला की कुठल्या तरी कार्यासनाकडं, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाकडं जातो. तिथला माणूस त्याच्यावर टिपणी लिहिणार. टिपणीत शेवटी एक ओळ लागते, "तरी अमुक करण्यास मान्यता असावी". ही ओळ तुमच्या १८० पानांत कुठंच नसेल तर तो बिचारा लिहिणार काय? "अवलोकनार्थ सादर" लिहितो, साहेब सही करतात, नस्ती म्हणजे फाईल बंद. त्यात कुणाची बदमाशी नसते, साहेबांना मागायला काही ठेवलेलंच नसतं.

आणि "निर्णय घेणारे" म्हणून एकच माणूस नसतो हो. तुमच्या लिखाणात फोन न येणं, सही, शाळा, दवाखाना सगळी खिचडी आहे. बदली, सुट्टी, फोन हे सैन्याचं, त्यात जिल्हाधिकारी काडीचं काही करू शकत नाहीत, ते त्यांच्याकडं नेलं की बाकीचा कागद पण वाया. सात-बारा, वारसनोंद, दाखले हे तहसीलदाराकडं. शाळेचं झेडपीच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं. बँकेचं काम अग्रणी बँकेच्या मॅनेजरकडं, त्यांची जिल्हास्तरावर सगळ्या बँकांबरोबर बैठक असते, तिथं विषय निघाला तर शाखांपर्यंत जातो. आणि सैनिक कल्याण कार्यालय तर पाहिजेच, पण त्यांना आधी विश्वासात घ्या, त्यांच्या डोक्यावरून वर गेलात तर तेच पहिला शेरा वाईट मारतील, माणसाचा स्वभाव आहे.

म्हणजे एक प्रबंध नाही, चार कागद. एकेक पानाचे. प्रत्येकावर विषय, काय आढळलं, काय करावं, कशाच्या अधिकारात करता येतं, खर्च किती. शेवटी खर्च नाही असं लिहिता आलं तर सोन्याहून पिवळं, कारण खर्च म्हटला की लेखाशीर्ष, म्हणजे पैसा बजेटच्या कुठल्या खात्यातून काढायचा ते, शोधावं लागतं.

लोकशाही दिनात नेऊ नका, कुणीतरी हा सल्ला देईलच. तिथं ज्याची त्याची वैयक्तिक तक्रार चालते, अभ्यास चालत नाही. आणि ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या कार्यक्रमात तर अजिबात देऊ नका. त्या दिवशी सगळे साहेब एका हॉलमध्ये असतात म्हणून मोह होतो, पण शाल, श्रीफळ, फोटो ह्यात तुमचा कागद हारांबरोबर गाडीच्या डिकीत जातो. त्याच्या पुढच्या आठवड्यात वेळ घेऊन जा, विषय डोक्यात ताजा असतो.

माढ्याची_लेक:

भाऊ, मी फौजीचीच बायको आहे, तुमच्या त्या फिरण्यात माझ्याकडं आला होता की नाही ते सांगणार नाही 😊 पण असे फॉर्म मी तीन वेळा भरलेत. एकदा कॉलेजच्या पोरी आल्या, एकदा लिंक आली व्हॉट्सअॅपवर "ताणाची पातळी १ ते ५ मध्ये सांगा", मी ३ दिलं कारण खाली दूध उतू चाललं होतं. तिन्ही वेळा पुढं काय झालं ते कुणी येऊन सांगितलं नाही. तुम्ही साहेबांना कसं समजेल ते विचारताय, आम्हाला पहिल्यांदा सांगा की. ज्यांनी तासभर बसून तुम्हाला चहा पाजून घरातलं सगळं बोललं त्यांना माहीत पाहिजे त्याचं काय केलंत. चूक लिहिलं असेल तर तिथंच दुरुस्त होईल.

दुसरं म्हणजे नाव बदललं म्हणून कुणी ओळखत नाही असं समजू नका. "तालुक्यातील एका गावातील, दोन मुली असलेली, पती सिग्नल्समध्ये असलेली महिला" असं लिहिलं की गावातलं शेंबडं पोरगं पण सांगतं कोण ते. सासूबद्दल बोललेलं सासूपर्यंत गेलं तर? नवऱ्याच्या युनिटपर्यंत गेलं की बायको तक्रारी करते तर? तुम्ही मोटारसायकलवर बसून निघून जाता, आम्हाला तिथंच राहायचंय.

आणि बिचारी बिचारी करू नका. मी विहिरीवर मोटर टाकून घेतली, पोराला नवोदयच्या परीक्षेला बसवलं, दीड एकर द्राक्षाचा हिशोब मी ठेवते. माझी अडचण एवढीच की तलाठी म्हणतो मिस्टरांना पाठवा. मग ते येतात तेव्हा त्यांची अर्धी सुट्टी कचेरीत जाते. पोरं म्हणतात पप्पा आले पण घरात नाहीत.

आकडेमोड:

मी पुण्यात संशोधनाच्या क्षेत्रात आहे, मूळची विजापूर रोडची. शिरस्तेदार काका म्हणतात ते जगभर असंच चालतं, आपल्याकडचंच काही वेगळं नाही. कॅनडात आरोग्य संशोधनाच्या एका प्रतिष्ठाननं १:३:२५ असा नियमच केला होता, म्हणजे पहिलं एक पान मुख्य मुद्द्यांचं, मग तीन पानांचा सारांश, मग पंचवीस पानांत सगळं, आणि सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत. पहिल्या पानावर पद्धत, संदर्भ, आभार असलं काही नाही, आम्हा लोकांना ते फार जड जातं कारण आम्हाला शिकवलेलं असतं की निष्कर्ष शेवटी. साहेब शेवटपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून उलटं करायचं.

ब्रिटनमध्ये संरक्षण मंत्रालय दरवर्षी फौजींच्या जोडीदारांचं सर्वेक्षण करतं आणि छापतं. एकदाच केलेल्या अभ्यासावर "ते तेव्हाचं असेल" म्हणून हात झटकता येतात, दरवर्षी तोच प्रश्न विचारला की नाही झटकता येत. आणि तिथं २०२१ च्या कायद्यानं नगरपालिका, शाळा, सरकारी दवाखाने यांच्यावर बंधन आलं की घर, शिक्षण, आरोग्य ह्या तीन बाबतीत निर्णय घेताना फौजी कुटुंबांचा विचार केलाच पाहिजे. म्हणजे निर्णय घेणारा माणूस कोण हे कायद्यातच लिहिलंय, मग त्याच्यासाठी लिहिणं सोपं जातं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र साधी आहे. इंग्लंडच्या शाळांत विद्यार्थ्यांची जी सरकारी मोजणी होते त्यात मूल फौजीचं आहे का अशी खूण असते, आणि त्या खुणेवर २०११ पासून शाळेला दर मुलामागं जादा पैसे मिळतात. अमेरिकेत २०१५ च्या शिक्षण कायद्यानं अशीच खूण सगळ्या राज्यांना सक्तीची केली. रकाना आला की आकडा येतो, आकडा आला की टिपणी लिहिता येते. आपल्याकडं फार तर वडिलांचा व्यवसाय "नोकरी", झालं.

ताईंच्या बिचारीपणाच्या मुद्द्याला पण पुरावा आहे. रँड ह्या संशोधन संस्थेनं अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त फौजी कुटुंबांना तीन वर्षं, दर चार महिन्यांनी तेच प्रश्न विचारले, २०१६ मध्ये अहवाल आला. माणूस मोहिमेवर असताना घर हलतं, पण परत आल्यावर बहुतेक घरं पहिल्यासारखी सावरतात, जिथं माणूस जखमी होऊन किंवा मनावर आघात घेऊन आला तिथं त्रास टिकतो असं निघालं. म्हणजे सगळ्यांना समुपदेशन पाहिजे असं सरसकट लिहू नका, कुणाला पाहिजे ते वेगळं काढा.

सुभेदार_रिटायर:

पोरा तुझा मुद्दा चांगलाय पण एक गोष्ट आधी नीट कर. कुणाशी बोललास, सर्विंगच्या घरच्यांशी का पेन्शनवाल्यांच्या? दोन्ही एकत्र करू नको. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना, २००३ ला सुरू झाली ती पेन्शनवाल्यांसाठी आणि त्यांच्या डिपेंडंटसाठी. सर्विंग जवानाच्या घरच्यांना मिलिटरी हॉस्पिटल, म्हणजे इथनं पुणं गाठायचं, अडीचशे किलोमीटर. तू "ईसीएचएस मिळत नाही अशी जवानाच्या पत्नीची तक्रार" असं लिहिलंस तर कुठलाही फौजी ऑफिसर पहिल्या पानावर कागद बंद करेल, ह्याला काय माहीत नाही म्हणून.

आणि सैन्य काहीच करत नाही असं पण नाही. आवा, म्हणजे फौजींच्या बायकांची कल्याण संघटना, १९६६ पासून आहे, युनिटमध्ये फॅमिली वेल्फेअर मीटिंग होतात, माझी मिसेस जायची. पण ते क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना. फॅमिली गावाकडं असली की ती युनिटला दिसत नाही आणि गावात ती फौजीची म्हणून कुणाच्या यादीत नाही. मधल्या मधी.

सुट्टीचं त्या ताई बोलल्या ते शंभर टक्के खरं. जवानाला वर्षाला ६० दिवस अॅन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल. अग्निवीरला तर ३०च. त्यातले प्रवासात किती, लग्नकार्यात किती, आणि तहसीलात किती, हे कधी कुणी मांडलंय का?

होटगीरोडचा_पोरगा:

बापरे, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. सुभेदार काका, तुमचं बरोबर, मी दोन्ही एकत्रच केलंय, वेगळं करतो. ताई, गावाचं आणि ट्रेडचं, म्हणजे नवऱ्याच्या फौजेतल्या कामाचं, सगळं काढून टाकतो, आणि दिवाळीच्या आत सगळ्या घरी परत जाऊन सांगतो, हे डोक्यातच आलं नव्हतं, लाज वाटली वाचून. सुट्टी कचेऱ्यांत जाते हे माझ्या प्रबंधात पान ११२ वर आहे ओ, एका वाक्यात, "इतर निरीक्षणे" मध्ये 🙈

तहसीलसाठी पहिला परिच्छेद लिहिलाय, बघा: "जिल्ह्यातील सैनिक कुटुंबांच्या मनोसामाजिक कल्याणाच्या दृष्टीने महिला सक्षमीकरणाच्या प्रक्रियेस चालना मिळणे ही काळाची गरज असून..."

शिरस्तेदार_निवृत्त:

खोडा. पूर्ण खोडा. असं लिहा:

"सीमेवरील जवानाची वार्षिक सुट्टी आपल्या कार्यालयांतील कामांत खर्च होते. जवानाने पत्नीस दिलेले मुखत्यारपत्र ग्राह्य धरण्याबाबत सर्व मंडळ अधिकारी व तलाठी यांना लेखी सूचना व्हाव्यात, तसेच महिन्यातील एक दिवस सैनिक कुटुंबांच्या कामांसाठी ठरवावा. यास वेगळा खर्च नाही."

तीन वाक्यं. खाली पाहिजे तर घरांचे अनुभव अर्ध्या पानात, नाव-गाव न देता. आणि जमिनीचा दावा कोर्टात असेल त्यांच्यासाठी १९२५ चा सैनिकांच्या दाव्यांबाबतचा कायदा आहे, जवान हजर राहू शकत नसेल तर कामकाज थांबवता येतं, ते पण एका ओळीत टाका, बऱ्याच वकिलांनासुद्धा आठवत नाही.

माढ्याची_लेक:

काका दिवस ठरवाल तर बाजाराचा दिवस ठरवा म्हणावं. त्या दिवशी एसटी पण असते आणि आम्ही तशाही तालुक्याला येतोच.

कडकभाकरी:

रीलचं मागं घेतो. भावा, मोहोळला कागद द्यायला जाशील तेव्हा सांग, माझा चुलतभाऊ पण फौजीत आहे, त्याच्या सात-बाऱ्याचं दोन वर्षं अडकलंय, मी पण येतो बरोबर.