आबांना वारीचा एक दिवस कसा मिळवून द्यावा?

माहेरवाशीण_कोरेगाव:

नमस्कार मंडळी. प्रश्न वारीचाही आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सेवेचाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, वय 81. 1963 साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, 1984 ला हवालदार म्हणून घरी आले. 71 च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांची जंगी पलटण (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांनी जमालपूर-टांगाईल रस्ता अडवला होता आणि 10 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची बलुच पलटण त्याच रस्त्याने निसटायला आली. "अगदी जवळ येईस्तोवर गोळी टाकायची न्हाई, असा हुकूम होता," एवढंच आबा सांगतात. पुढचं विचारलं की हात जोडतात. त्या युद्धाची 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही पदकं देवघरातल्या डब्यात आहेत. मेडलाच्या कडेवर कोरलेला आबांचा फौजी नंबर आईला तोंडपाठ होता. तिला लिहिता यायचं नाही, गुरुजींकडून पत्र लिहून घ्यायची आणि पत्त्यातला नंबर स्वतः सांगायची.

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ लग्नाआधीपासून. पलटणीत रम मिळायची ती शेजारच्याला द्यायचे, मटणाच्या दिवशी लंगरमधून डाळ-चपाती घ्यायचे. पेन्शनीत आल्यावर 1985 पासून एकही वारी चुकली नाही. 2019 च्या दिवाळीत आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढची दोन वर्षं कोरोनामुळे पादुकाच एसटीने पंढरीला गेल्या, तेव्हा आबांना फारसं वाटलं नाही, सगळेच घरी होते. 2022 पासून मात्र आषाढ जवळ आला की ते पहाटे पडवीत येऊन नुसते उभे राहतात.

आईचं सगळं तेच करतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, तेल, पावडर, चमच्याने पेज. जुन्या डायरीत नोंद असते: "02.00 डावी कूस. 04.00 उजवी कूस, पाठ कोरडी, सब ठीक." सहा वर्षांत आईच्या पाठीवर एक जखम नाही. डॉक्टरसुद्धा बघत राहतात. दिवे लागले की खाटेशी बसून हरिपाठ म्हणतात. आईला बोलता येत नाही, पण डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर ताल धरतात.

मी, भाऊ, वहिनी, सगळ्यांनी सांगून पाहिलं की आम्ही बघतो, तुम्ही जाऊन या. ऐकत नाहीत. "मी सीमेवर हुतो तवा तिनं तीन लेकरं आन म्हातारा-म्हातारी सांभाळली. आता माझी ड्युटी." पुंडलिकाची गोष्ट सांगायला येणाऱ्यांना ते चहा देतात आणि गप्प बसतात. त्यांना दाखला नको आहे, त्यांना चालायचं आहे. पूर्ण वारी आता गुडघ्यांना झेपणार नाही, पण एक दिवस? आईला गाडीतून बरोबर न्यावं का?

लोणंदचा_विठू:

ताई, लोणंद ते तरडगाव हा टप्पा धरा. अंतर कमी, आणि वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, माउलींचं पहिलं उभं रिंगण तिथेच. दुपारचं जेवण उरकून पालखी लोणंदहून हलते. गाडी सकाळीच पुढे नेऊन लावा, नंतर रस्ता बंद होतो. वारकरी दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि मधून अश्व धावतात, तेव्हा आबांना पुढच्या रांगेत घुसू देऊ नका. रेटा फार असतो. माउलींचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून येतात हे त्यांना ठाऊक असेलच. बेळगावला शिकलेल्या जवानाला त्याचं वेगळंच वाटत असणार.

सिस्टर_कराड:

आईंना नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. गर्दीत गाडी चार-चार तास अडकते, कूस कुठे बदलणार, कपडे कुठे बदलणार? सहा वर्षं जपलेली पाठ एका दुपारी खराब होते. मी वॉर्डात अशा जखमा धुतल्या आहेत. त्यापेक्षा आबांचा हात तुम्ही शिका. नुसतं "आम्ही बघतो" म्हणणाऱ्यावर कुठलाच सेवेकरी विश्वास टाकत नाही.

सुभेदार_निवृत्त:

सिस्टर बरोबर बोलल्या, पुढचं मी सांगतो. ताई, संतरी पोस्ट सोडत नाही. भाऊ येऊन म्हणाला "जा, मी आहे", तरी सोडत नाही. बदली यावी लागते. वेळेवर, तयारीनिशी, आणि काय काय चालू आहे ते विचारून घेणारी. तुम्ही सगळे त्यांना सुट्टी देताय. त्यांना बदली द्या. आठ दिवस आधी माहेरी जा, त्यांच्या हाताखाली रात्रपाळी करा, डायरीत तुमच्या हाताने नोंदी करा, आणि त्या दिवशी रीतसर चार्ज मागा.

आणखी एक. वयाची 80 पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते. फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर लागली आहे का बघा. माझ्या ओळखीच्या दोघांची जन्मतारीख कागदावर चुकली होती, म्हणून अडकली होती. तुमच्या आबांना माझा जय हिंद आणि रामकृष्णहरी.

अरणकर:

सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण सावतोबांच्या भेटीला पांडुरंगाची पालखी आमच्या अरणला येते. सावतोबांनी मळा सोडला नाही. दाखला म्हणून लिहीत नाही ताई, आमच्या गावचं आहे म्हणून सांगितलं.

माहेरवाशीण_कोरेगाव:

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते आहे, पण लिहायचंच होतं.

सुभेदार साहेब, तुमचं उत्तर मी आबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण रात्री डायरी माझ्या खाटेवर आणून ठेवली. दहा रात्री शिकले. माझा हात आईच्या कमरेखाली कुठे असायला हवा ते त्यांनी स्वतःचा हात तिथे ठेवून दाखवलं. पहिल्या तीन रात्री मी उठायच्या आधीच ते दारात उभे असायचे. चौथ्या रात्री झोपून राहिले. अरणकरांचं वाचलं तेव्हा म्हणाले, "परत एकदा वाच, तिला ऐकू जाऊ दे."

त्या दिवशी पहाटे दाढी करून, पांढरी टोपी घालून खाटेशी आले. मी विचारलं, "आबा, काय काय चालू आहे?" त्यांनी एकेक सांगितलं: औषध, पाणी, टाचेखालची उशी. मग डायरीत लिहिलं, "06.00 चार्ज दिला." भाच्याबरोबर गेले, लोणंदपासून चांदोबाच्या लिंबापर्यंत चालले, रिंगण पाहिलं. मध्ये एकदाही फोन आला नाही. आम्हीच वाट बघत होतो.

रात्री साडेनऊला आले. हातपाय धुतले, कागदाच्या पुडीतली घोड्याच्या टापेखालची माती आईच्या कपाळाला लावली. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिची दोन बोटं चादरीवर हलली. आबा थोडा वेळ तिथेच टेकले. मग चष्मा लावून दिवसभराच्या नोंदी वाचल्या. एका ओळीवर बोट ठेवलं: 14.10.

"दहा मिनिटं उशीर का?"

"पेज सांडली होती आबा, चादर बदलत होते."

मान हलवली, पेन घेतलं आणि खाली लिहिलं: "21.40 चार्ज घेतला. पाठ कोरडी. सब ठीक."